मोटरसायकलवर सॅटेलाइट रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या गणेशोत्सवाला मी मोटरसायकलवरून जातो. पार्किंगमध्ये परत येईपर्यंत कोणीतरी मागच्या टॉप बॉक्सवरच्या काळ्या चकतीवर बोट आपटत उभं असतंच. "हे काय हो? जीपीएस का?" ती सॅटेलाइट रेडिओची अँटेना. मग अर्धा तास तिथेच जातो. ते अर्धे तास वाचावेत म्हणून हे पान.

आधी एक खुलासा. मी पुण्यात वाढलो, त्यामुळे माझ्या तोंडी 'गाडी' म्हणजे दुचाकी. चार चाकांचीला मी कार म्हणेन. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. रेडिओ सिरियसएक्सएमचा, गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०, राहणं न्यू जर्सीत.

सॅटेलाइट रेडिओ आणि साधा एफएम यात फरक काय?

एफएमचा मनोरा ५०-६० मैलांत मागे पडतो आणि गाण्याच्या मधोमध खरखर सुरू होते. सॅटेलाइट रेडिओचा मनोरा विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे, म्हणून न्यू जर्सीत लावलेली वाहिनी नेवाडाच्या वाळवंटातही तीच राहते. एक्सएम ही कंपनी २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये; २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. प्रक्षेपण २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास होतं. महिन्याचे पैसे भरावे लागतात.

हा संकेत (सिग्नल) खालच्या ४८ राज्यांत आणि कॅनडाच्या दक्षिण भागात मिळतो. हवाई आणि अलास्कात नाही. अलास्का हायवेचं स्वप्न पाहत असाल, तर उत्तरेकडे जाताना एका टप्प्यावर रेडिओ मुका होणार हे धरून चाला.

भारतात नेला तर चालेल का?

नाही. हे उपग्रह उत्तर अमेरिकेकडे तोंड करून आहेत. पुण्यात तो संच फक्त पेपरवेट म्हणून कामाला येईल.

भारतात एकेकाळी वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओ होता, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. एशियास्टार हा त्यांचा उपग्रह २००० मध्ये गेला आणि १०५ अंश पूर्वेला उभा राहिला. पुण्यातून त्याला बघायचं तर आग्नेयेकडची खिडकी लागायची. आमच्या काकांच्या घरात तशी एकच खिडकी होती, स्वयंपाकघराची. त्यामुळे गंधर्व वाहिनीवरचा सकाळचा राग आणि फोडणीचा वास माझ्या डोक्यात कायमचे जोडले गेलेत. २००९ च्या ३१ डिसेंबरला ती सेवा भारतात बंद झाली. तो रेडिओ घरात एका जागी बसून ऐकायचा होता, अँटेना नेम धरल्यासारखी लावावी लागायची. धावत्या गाडीवर ऐकायचं तंत्र वेगळं आहे, ते पुढे येईलच.

हातात मोबाइल असताना हे कशाला?

सगळ्यात योग्य प्रश्न, आणि खरं उत्तर असं की दहातल्या आठ जणांना याची गरज नाही. शनिवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असाल, तर फोनमध्ये गाणी भरून घ्या आणि हे पान बंद करा. सिरियसएक्सएमचं स्वतःचं अ‍ॅपही आहे. जिथे फोनला डेटा मिळतो तिथे तेच कार्यक्रम त्यावर ऐकू येतात.

उरलेले दोघे म्हणजे जे नेवाडातल्या यूएस ५० वर, युटामध्ये किंवा माँटानात दिवसच्या दिवस चालवतात. तिथे फोनवर तासन् तास एकही दांडी नसते. शिवाय ज्यांना चालू सामना, बातम्या, कोणीतरी आत्ता बोलत असलेलं ऐकायचंय ते. भरून घेतलेली गाणी तिसऱ्या दिवशी पाठ होतात. नेब्रास्कातून आय-८० वर ४०० मैल सरळ रेषेत जाताना कानात एक जिवंत माणूस असणं म्हणजे काय, ते गेल्याशिवाय कळत नाही.

कारमधलाच संच काढून गाडीवर लावला तर?

लावता येतो, पण कारला एक गोष्ट असते जी गाडीला नसते: छप्पर. कारमध्ये अँटेना पत्र्याच्या छपरावर चिकटते, रेडिओ छपराखाली कोरडा राहतो, काचा बंद केल्या की साधा स्पीकर पुरतो. पुढचे बहुतेक प्रश्न या एका उणिवेतून आलेत. रेडिओ कोणता घेतलात याने फार फरक पडत नाही. अँटेना कुठे, वीज कुठून आणि पाणी कुठून शिरतं याने पडतो.

मग घ्यावा कोणता?

तीन वाटा आहेत.

होंडा गोल्ड विंग किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर कारखान्यातूनच हा रेडिओ बसवून मिळू शकतो. तुमच्या गाडीवर असेल तर नशीबवान आहात; फक्त सदस्यत्व चालू करा. गोल्ड विंगच्या २०१८ च्या नव्या रूपात अ‍ॅपल कारप्लेही आलं, मोटरसायकलवर ते पहिल्यांदाच. त्यानंतर गोल्ड विंगवाले माझ्या चकतीकडे जरा कीव करून बघतात.

दुसरी वाट, डॉकवर बसणारा छोटा संच. ऑनिक्स मालिकेतले रेडिओ या प्रकारातले. डॉक, म्हणजे रेडिओ खोचायची बैठक, गाडीवर कायम, रेडिओ काढून खिशात. कॉफीला थांबलात की चोरीची काळजी नाही, पाऊस आला की उपटून आत टाकता येतो. माझ्याकडे हाच आहे आणि बहुतेकांना मी हाच सुचवतो.

तिसरी वाट जुनी: गार्मिन झूमोचे काही नकाशे दाखवणारे संच. झूमो ५५० ला जीएक्सएम ३० आणि ६६५ ला जीएक्सएम ४० ही अँटेना जोडली की रेडिओ आणि हवामान एकाच पडद्यावर. झूमो मुळातच मोटरसायकलसाठी बनवलेला, त्यामुळे पाण्याची भीती कमी, हातमोज्यांनी बटणं दाबता येतात. आता हे सगळं वापरलेलंच मिळतं.

वापरलेला कुठलाही संच घेताना पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून रेडिओ आयडी मागा आणि कंपनीला फोन करून विचारा की हा अजून चालू करून मिळेल का. बऱ्याच संचांवर ० क्रमांकाची वाहिनी लावली की हा आयडी पडद्यावर दिसतो. सौदा स्वस्त का होता ते या एका फोनमध्ये कळतं.

अँटेना कुठे लावायची?

इथे घाई करू नका.

कंपनीचे भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारे, उपग्रह साधारण ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशाच्या जवळ, विषुववृत्तावर आहेत. म्हणजे अमेरिकेत कुठेही असलात तरी ते तुमच्या दक्षिणेला. न्यू जर्सीतून बघाल तर ८५ अंशांचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर, ११५ अंशांचा नैऋत्येला, त्याहून बराच खाली, २८ अंशांच्या आसपास. डोक्यावर कोणीच नाही.

आता अँटेना हँडलवर किंवा टाकीपुढे लावली आणि तुम्ही उत्तरेकडे निघालात. दक्षिण तुमच्या पाठीशी. अँटेना आणि उपग्रह यांच्या मध्ये कोण? तुम्ही. माणूस म्हणजे बहुतांशी पाणी, आणि २.३ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून धड पार होत नाही. माझ्या पहिल्या जोडणीत हेच झालं. दक्षिणेकडे व्हर्जिनियाला जाताना रेडिओ ठणठणीत, घरी परतताना दर मिनिटाला तुटायचा. मी दोन आठवडे संचाला, केबलला, हवामानाला दोष देत होतो. मग एका पेट्रोल पंपावर गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी होती, मी उतरलो आणि रेडिओ वाजायला लागला. बसलो, बंद. उतरलो, चालू. शेजारचा ट्रकवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

म्हणून पहिली पसंती: टॉप बॉक्सचं झाकण. ते गाडीवरची सगळ्यात उंच आडवी जागा आहे, चालवणारा आणि मागे बसणारा दोघंही त्याच्या पुढे. दक्षिणेकडे जाताना तुमच्या पाठीची थोडी सावली पडते, पण झाकण खांद्यांच्या बरंच खाली आणि मागे असल्याने उपग्रहाकडची तिरकी रेषा बहुतेक वेळा मोकळी मिळते. मागे कोणी उंच माणूस बसला तर मात्र फरक जाणवतो. माझा मेहुणा सहा फुटी आहे. तो बसला की दक्षिणेकडचा प्रवास निःशब्द.

टॉप बॉक्स नसेल तर मागच्या कॅरिअरवर. तेही नसेल तर पुढे, आरशांच्या उंचीवर एखादी पट्टी काढून तिच्यावर. हँडलच्या मधोमध खोल जागेत नको. टाकीवरच्या बॅगेत टाकलेली अँटेना चालते कधीकधी, कारण कापड आणि प्लॅस्टिक या लहरींना फारसं अडवत नाहीत. पण बॅग भिजली की संकेतही भिजला. धातूच्या पेटीत किंवा कार्बन फायबरच्या झाकणाखाली ठेवू नका. ते म्हणजे कढईखाली ठेवणं.

वळणावर गाडी झुकते तेव्हा काय, असं काही जण विचारतात. चकती आभाळाच्या मोठ्या भागाकडे बघत असते, त्यामुळे नेहमीच्या झुकण्याने काही होत नाही. गुडघा घासत जाणाऱ्यांनी रेडिओ बंद ठेवलेलाच बरा.

माझा टॉप बॉक्स प्लॅस्टिकचा आहे. चुंबक चिकटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटणार नाही. आणि फक्त चिकटण्याचा प्रश्न नाही: कारच्या छपराचा पत्रा अँटेनाला खालून आधार देतो, संकेत सुधारतो. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून एक पातळ लोखंडी पत्रा आणा, तळहाताएवढा, कडा घासून काळा रंग मारा. झाकणाच्या बाहेरून चांगल्या दुहेरी फोम टेपने चिकटवा, त्यावर चुंबक ठेवा. लोखंडी इलेक्ट्रिक बॉक्सचं झाकण स्वयंपाकघरातल्या बशीपेक्षा स्वस्त पडतं आणि आयतं गोल मिळतं.

नुसत्या चुंबकावर विसंबू नका. ७० मैलांच्या वेगात वारा केबलला धरून ओढतो. केबल चकतीपासून तीन-चार इंचांवर पट्टीने बांधा.

केबल २० फुटांहून लांब आहे. कापून आखूड करू?

कापू नका. या अँटेनाच्या टोकाला एसएमबी जोडणी असते, तिची घरगुती दुरुस्ती जमत नाही. जमली असं वाटलं तरी अर्धा संकेत तिथेच गळतो. जास्तीची केबल सैल, मनगटापेक्षा मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून सीटखाली ठेवा. कोपऱ्यात चेपू नका. सायलेन्सरपासून लांब न्या. आणि सीट लावल्यावर ती कुठे दाबली जात नाही ना, हे बघायला स्वतः एकदा बसा. सीटचा सांगाडा केबल चेपतो आणि बिघाड सहा महिन्यांनी कळतो.

वीज कुठून घ्यायची?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. डॉकवाल्या आत्ताच्या संचांना ५ व्होल्ट लागतात, जुन्यांपैकी काहींना वेगळे. डॉकवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय तार जोडू नका. बारा व्होल्ट थेट दिलेत तर रेडिओ एकदाच बोलेल, तेही धुराने.

सगळ्यात सोपा मार्ग: सीटखाली झाकण असलेलं १२ व्होल्टचं सॉकेट बसवा आणि संचाबरोबर आलेला कारचा अ‍ॅडॉप्टर त्यातच खोचा. थरथरीने तो निसटतो, म्हणून भोवती टेप मारा. दिसायला गबाळं, पण व्होल्टेजची चूक होत नाही, आणि रेडिओ बदललात तर सॉकेट फोन चार्ज करायला राहतंच.

हे सॉकेट किल्लीवर चालू-बंद व्हायला हवं, म्हणून मधे रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारं बटण. चार पायांचा साधा रिले असतो. ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीची धन तार, फ्यूजमधून. ८७ वरून सॉकेटला. ८६ ला किल्लीवर जिवंत होणारी एखादी तार, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची. ८५ जमिनीला, म्हणजे ऋण. रिले स्वतः थोडीच वीज खातो, त्यामुळे दिव्याच्या तारेवर ओझं येत नाही. रेडिओचा सगळा प्रवाह बॅटरीतून येतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ तितका चांगला, चार-सहा इंचांत. नुसत्या रेडिओसाठी ३ अँपिअरचा पुरतो, फोनही लावणार असाल तर ५. तार १८ गेज. जोड क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करा, त्यावर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. नुसती काळी टेप उन्हात चिकट रस सोडून निघून जाते.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडा, शेवटी जोडा. पाना धन टोक आणि फ्रेम यांच्या मध्ये एकदा जरी टेकला तरी हे वाक्य जन्मभर आठवतं.

बीएमडब्ल्यूच्या गाडीवरही असंच?

ज्या गाड्यांचं वायरिंग कॅनबसवर, म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या जाळ्यावर, चालतं, त्या दिव्याच्या तारेत काही जोडलं की बल्ब गेल्याची तक्रार पडद्यावर करू शकतात. तिथे कंपनीचं अ‍ॅक्सेसरी सॉकेट वापरा, किंवा बॅटरीवरून घेऊन स्वतंत्र बटण लावा. बटण लावलंत तर ते बंद करायला विसराल, म्हणून त्याला छोटा दिवा असू द्या.

बॅटरी उतरेल का?

चालू गाडीवर नाही. रेडिओ १० वॉटच्या आत खातो. गरम होणाऱ्या मुठी त्याच्या तिप्पट-चौपट घेतात. धोका उभ्या गाडीवर. समजा किल्लीशी न जोडता थेट बॅटरीवर दिलंत आणि संच अर्धा अँपिअर खात राहिला. २४ तासांत १२ अँपिअर-तास गेले. मधल्या आकाराच्या गाडीची बॅटरीच १० अँपिअर-तासांची असते. म्हणजे शनिवारी फिरून आलात तर रविवारी सकाळी नुसता 'टक' असा आवाज.

आवाज कानापर्यंत कसा पोचवायचा?

गाडीला स्पीकर आणि ऑक्स इन (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) असेल तर ३.५ मिमीची तार, काम संपलं. पण ताशी ५० मैलांच्या पुढे त्या स्पीकरचा आवाज तुमच्याआधी शेजारच्या गाडीला मिळतो.

हेल्मेटमध्ये सेना किंवा कार्डो या कंपन्यांचा ब्लूटूथ संच असेल तर रेडिओच्या ऑडिओ आऊटला ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडा. घरच्या टीव्हीसाठी मिळणारे स्वस्त ट्रान्समीटर चालतात, पण दर वेळी किल्ली फिरवल्यावर त्यांचं बटण दाबून धरावं लागतं, आणि ते असतं सीटखाली. सेनाचा एसएम१० मुद्दाम मोटरसायकलसाठी आहे. गाडीच्या विजेवर चालतो आणि दोन हेल्मेटना एकाच वेळी आवाज देतो. मागे बसणाऱ्यालाही ऐकायचं असेल तर हाच उपाय. वाहिनी कोणी निवडायची हे तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे ते ठरलेलं आहे आणि तो मी नाही.

एक लक्षात ठेवा: हेल्मेटच्या संचाला फोनही जोडलेला असतो. ट्रान्समीटर दुसरा फोन किंवा संगीताचा स्रोत म्हणून जोडा, नाहीतर नकाशाचं बोलणं बंद पडतं.

एफएम ट्रान्समीटर वापरून गाडीच्या एफएमवर ऐकायची सोयही काही संचांत असते. शहर बदललं की मोकळी जागा शोधा, फ्रीक्वेन्सी बदला. हातमोजे घालून हे करू नये.

इंजिन वाढवलं की कुंईई असा आवाजही वाढतो. का?

रेडिओची ऋण तार एका जागी, ऑडिओच्या उपकरणाची दुसऱ्या जागी. मधल्या फ्रेममधून अल्टरनेटरची कुरबुर ऑडिओत शिरते. आधी दोन्हींच्या ऋण तारा एकाच बिंदूवर, शक्यतो थेट बॅटरीवर आणा. तरी गेलं नाही तर ऑडिओच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, काडेपेटीएवढी डबी असते. माझा आवाज ७० टक्के पहिल्या उपायाने गेला, उरलेला डबीने. टक्के कानाचे, मीटरचे नाहीत.

पाऊस?

अँटेना पाण्याला घाबरत नाही, ती कारच्या छपरावर राहायलाच बनवलेली आहे. रेडिओ आणि डॉक घाबरतात. मी पहिला संच पारदर्शक खिडकीच्या टाकीवरच्या बॅगेत ठेवला होता. बॅग पाणी आत येऊ देत नव्हती हे खरं. पण जे पाणी शिवणीतून आलं, त्याला बाहेरही जाऊ देत नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या एका दुपारी उघडून पाहिलं तर रेडिओ कमळासारखा तरंगत नव्हता एवढंच. चूक माझीच होती, बॅगेचं पावसाळी आवरण मी घरी कपाटात नीट घडी घालून ठेवलं होतं.

आता हँडलवर डॉक, आणि ढग दिसले की रेडिओ काढून जाकिटाच्या आतल्या खिशात. डॉकच्या जोडणीवर रबरी टोपी. सायकलींसाठी मिळणारी फोनची पाणीरोधक डबी काहींनी वापरलेली पाहिली आहे. त्यात उन्हाळ्यात रेडिओ उकडतो. ऊनही शत्रूच आहे. अ‍ॅरिझोनात जेवायला थांबून काळा संच काळ्या डॉकवर उन्हात सोडू नका.

थरथरीने काही होतं का?

डॉक पट्टीने बांधला तर होतं. एक इंची गोळ्याचा रॅम माउंट घ्या. त्यातल्या रबराच्या गोळ्याने बरीच थरथर मरते. सगळ्या तारांना हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरेल एवढी ढील ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, तेही इंजिन बंद असताना.

हेल्मेटमध्ये ऐकणं कायद्यात बसतं का?

राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात वाहन कायद्याचं कलम २७४०० दोन्ही कान झाकणारे हेडसेट किंवा दोन्ही कानांत इअरफोन घालून वाहन चालवायला मनाई करतं. आवाजापासून कान वाचवण्यासाठी बनवलेल्या बोळ्यांना त्यात सूट आहे, पण सायरन आणि हॉर्न ऐकू यायला हवा. लांबच्या प्रवासात चार-पाच राज्यं ओलांडणार असाल तर निघण्याआधी प्रत्येकाचा नियम वाचा.

कायद्यापेक्षा मला कानांची जास्त काळजी आहे. हायवेच्या वेगाला हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था नायॉश ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० ला १५ मिनिटं. लोक त्या वाऱ्यावर मात करायला रेडिओ मोठा करतात, म्हणजे आगीत तेल. बोळे घाला, वारा खाली येतो, आणि मग हेल्मेटच्या स्पीकरमधला मध्यम आवाज बोळ्यांतून स्वच्छ ऐकू येतो. पहिल्यांदा उलटं वाटतं. करून बघा.

चालू कसा करायचा?

गाडी उघड्यावर काढा, गॅरेजमध्ये होत नाही. रेडिओ चालू ठेवा, आयडी देऊन फोनवर किंवा संकेतस्थळावर सदस्यत्व घ्या. उपग्रहावरून चालू होण्याचा संदेश येतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. तोवर बंद करू नका. हिवाळ्यात गाडी चार महिने झोपली असेल तर वसंतात काही वाहिन्या गायब दिसतील. तेव्हा संकेत पुन्हा पाठवायला सांगा, तो 'रिफ्रेश' या नावाने मिळतो.

पैशांबाबत एवढंच: पहिला दर सवलतीचा असतो. तो कधी संपतो ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आठवडाभर आधी फोन करा. भाजीवाल्याशी घासाघीस केलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

शहरात नीट वाजतो आणि झाडीत तुटतो. उलटं नको का?

मॅनहॅटनच्या इमारतींच्या घळीत उपग्रह दिसत नाही, पण मोठ्या शहरांत कंपनीने जमिनीवर सहायक प्रक्षेपक लावलेत. झाडीत ते नाहीत, आणि पानांतलं पाणी या लहरी पिऊन टाकतं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनातून ४६९ मैल जाणारा ब्लू रिज पार्कवे जुलैत अडखळत वाजतो; नोव्हेंबरात पानं गळाल्यावर तोच रस्ता बराच बरा. टेल ऑफ द ड्रॅगनवर, ११ मैलांत ३१८ वळणं, मी रेडिओ बंद करतो. तिथे कानांना दुसरं काम असतं.

पुलाखालून जाताना मात्र तुटत नाही, याचं कारण गमतीचं आहे. दोन उपग्रह तोच कार्यक्रम सुमारे चार सेकंदांच्या अंतराने पाठवतात आणि संच ते साठवून जोडतो. चार सेकंदांपेक्षा लहान अडथळा कानाला कळतच नाही. पुलाखाली लाल दिव्याला थांबलात तर कळतो.

मराठी काही ऐकायला मिळतं?

उपग्रहावर मराठी वाहिनी नाही. नाट्यपदं, भावगीतं फोनमध्ये भरून न्या. आकाशवाणी ऐकायची तर न्यूजऑनएअर अ‍ॅपवर, डेटा असेल तिथे. मी सकाळचे पहिले दोन तास फोनवरचं ऐकतो, मग रेडिओ.

सगळं बसवायला किती वेळ लागतो?

पहिल्यांदा एक शनिवार. आधी अँटेना नुसती टेपने लावून, तार सीटवरून लोंबती ठेवून, गाडी चारही दिशांना चालवून बघा. संचाच्या मेनूत संकेताची पट्टी दिसते. ती उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सारखी आहे का ते पाहा, आणि जो मागे बसणार आहे त्याला मागे बसवूनच पाहा. मग पत्रा चिकटवा. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. माझ्या टाकीपुढच्या प्लॅस्टिकवर त्या टेपचा चौकोनी डाग अजून आहे, आणि पार्किंगमधल्या लोकांचा दुसरा प्रश्न त्याच्याबद्दल असतो.